सीटखालची 'डायरेक्ट' वायर आणि बाकीची दुखणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्किड स्टीअर लोडरच्या टायरांवर लिहिलं होतं, म्हणजे तो छोटा लोडर ज्याला आपल्याकडे कंपनी कुठलीही असली तरी सगळे बॉबकॅटच म्हणतात. त्यावर इतके प्रश्न आले पण टायरबद्दल जवळजवळ कुणी विचारलंच नाही. सगळ्यांचं दुखणं एकच, ऑपरेटर सीटवर नसला की मशीन थांबवणारं ते सेफ्टीचं लॉक सारखं मधे येतं, काम अडतं, काढून टाकू का? म्हणून यावेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं नेहमीसारखी छापलेली नाहीत, फक्त गाव.

प्रश्न : आमची ब्रॉयलरची शेडं आहेत. बॅच गेली की लिटर, म्हणजे शेडमधला तुसाचा आणि विष्ठेचा थर, काढायला सेकंडहँड बॉबकॅट घेतलाय. आधी चांगला चालला, आता ऑपरेटर जरा पुढं वाकला किंवा मशीन खड्ड्यात आपटलं की जागेवर गच्च थांबतं. गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं सीटखालच्या दोन वायरी जोडून डायरेक्ट करून दिलं, तेव्हापासून झकास चालतंय. मुलगा म्हणतो ते काढा, ऑपरेटर म्हणतो राहू द्या. कुणाचं ऐकू? (विटा)

उत्तर : मुलाचं. पण ऑपरेटर खोटं बोलतोय असं नाही, त्याचा त्रास खराच आहे, फक्त इलाज चुकलाय.

आधी हे बघा की या मशीनला हे लॉक लागतंच कशाला, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना तर असलं काही दिसत नाही. मोठ्या लोडरमध्ये बकेट उचलणारे दोन्ही आर्म ड्रायव्हरच्या पुढे असतात आणि माणूस बाजूच्या दारानं उतरतो. स्किड स्टीअरमध्ये आर्म मागून, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पिनवरून निघतात आणि केबिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात, म्हणजे माणूस आर्मच्या मधोमध बसलेला असतो आणि चढायला-उतरायला वाट फक्त समोरून, बकेटवरून. आता आर्म वर आहेत, ऑपरेटरला वाटलं काचेवर बसलेला भुसा जरा पुसून घेऊ, तो मांडीवर येणारा सीट बार वर करून पुढं वाकला. जुन्या मॉडेलांमध्ये आर्म आणि बकेट पायाच्या पेडलवर असतात. उठताना पाय टेकायला जागा कुठं असते? त्या पेडलांवरच. बूट पेडलवर पडला, आर्म खाली आले, आणि माणूस बकेट आणि मशीनच्या फ्रेमच्या मधे. आर्मचं आणि बकेटचं वजन काही शे किलो, त्यात ओलं लिटर भरलेलं. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९९८ साली खास या एका मशीनवर इशारापत्र काढलं होतं, त्यातल्या मृत्यूंच्या हकिकती वाचल्या की एकाच प्रकारची गोष्ट परत परत येते, आर्म वर, माणूस खाली किंवा मधे, आणि लॉक एकतर खराब नाहीतर मुद्दाम बंद केलेलं.

तर सीट स्विच आणि सीट बार हे दोघं मिळून एवढंच विचारतात की माणूस सीटवर आहे का आणि बार खाली आहे का. दोन्हीला हो आलं तरच हायड्रॉलिक सोडायचं आणि चाकांचा ब्रेक सोडायचा. बहुतेक मॉडेलांत इंजिन चालूच राहतं पण आर्म, बकेट आणि चाकं तिन्ही लॉक. तुमच्या इलेक्ट्रिशियननं यातल्या पहिल्या प्रश्नाला कायमचं हो लिहून दिलं, सीटवर माणूस असो नाहीतर नसो.

आता बिघाडाकडे येऊ, कारण खरं काम तिथं आहे. पोल्ट्रीतल्या मशीनला हा त्रास हमखास होतो आणि कारणं ठरलेली आहेत. पहिलं, सीट वर उचलून खाली बघा. तूस, पिसं, लिटर असं सगळं दाबून दाबून सीटखाली थर बसलेला असतो, सीट पूर्ण खालीच जात नाही, मग स्विच दाबला जाणार कसा? खरवडून काढा, हवा मारा. दुसरं, लिटरमधला अमोनिया. तांब्याची वायर आणि अमोनिया यांचं वैर आहे, कनेक्टर खोलून बघा, पितळी पिना हिरव्या पडलेल्या दिसतील, काही वेळा वायर बाहेरून धडधाकट दिसते आणि आत मात्र काळी भुकटी झालेली असते. अशी वायर चांगला भाग लागेपर्यंत मागे कापत जायची, नवी पिन क्रिंप करायची म्हणजे दाबून बसवायची आणि कनेक्टरमध्ये ओल अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरायचं. तिसरं, गादी. सेकंडहँड मशीनचा फोम बसलेला असतो किंवा ऑपरेटर हडकुळा असतो आणि सस्पेन्शन सीटचा वजनाचा नॉब आधीच्या जाड ऑपरेटरवर सेट असतो, मग खड्ड्यात आपटलं की हा अर्धा इंच उडतो आणि स्विच सुटतो. नॉब फिरवला की अर्धे प्रॉब्लेम तिथंच संपतात, एक पैसा लागत नाही. चौथं, उंदीर. पोल्ट्रीत याबद्दल वेगळं सांगायला नको. आणि केबिन मागे उलटवून कुणी काम केलं असेल तर केबिन परत बसवताना हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, कुठं चेपलाय का तेही बघा.

शोधायचं कसं? इंजिन बंद, चावी ऑन. डॅशबोर्डवर सीटचं, बारचं अशी चिन्हं असतात, मॉडेलप्रमाणे दिवे बदलतात. सीटवर बसून हला, पुढं वाका, कुणाला तरी हार्नेस हातानं हलवायला सांगा, दिवा कुठं फडफडतो ते बघा. जिथं फडफडला तिथं वायर तुटलीय. साधा मल्टीमीटर असला तर अजून सोपं.

आणखी एक सांगतो जे कंपनीवाले सांगत नाहीत. मधेच सुटणारं लॉक हेसुद्धा धोक्याचंच आहे, भरलेली बकेट घेऊन जाताना अचानक ब्रेक लागला तर मशीन पुढं झुकतं आणि ऑपरेटरची छाती बारवर आदळते. त्यामुळे "खराब आहे पण काढत नाही, तसंच चालवतो" हेही बरोबर नाही. दुरुस्त होईपर्यंत मशीन उभं करा, दोन दिवस फावड्यानं काढा, नाहीतर भाड्यानं आणा. लिटर कुठं पळून जात नाही.

जाता जाता, हे मशीन जन्मालाच पोल्ट्रीत आलंय. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉथसे गावात केलर आडनावाच्या दोन भावांनी एका टर्कीवाल्यासाठी शेड साफ करायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला, कारण शेडमध्ये खांब आणि जागा एवढीशी. पुढं मेलरो कंपनीनं तो घेतला, १९६० ला चार चाकं आली आणि बॉबकॅट हे नाव १९६२ ला. म्हणजे तुमची अडचण या मशीनइतकीच जुनी आहे.

प्रश्न : मी ऑपरेटर आहे, एका कंपनीच्या यार्डात स्क्रॅप आणि कचरा उचलतो. दर थोड्या वेळानं उतरावं लागतं, कधी लाकूड अडकलं, कधी गेट उघडायचं, कधी अटॅचमेंटची पिन. दर वेळी आर्म खाली, इंजिन बंद, बेल्ट काढ, बार वर, परत बसलो की परत सगळं. सुपरवायझर ओरडतो वेळ जातो म्हणून. एका मित्रानं बार वर असतानाही चालेल असं करून घेतलंय. (चाकण)

उत्तर : दादा, आधी हिशोब करू, कारण सुपरवायझरला हिशोबच कळतो. उतरणं-चढणं सगळं नियमानं केलं तर एका वेळेला समजा वीस सेकंद जास्त जातात. दिवसात चाळीस वेळा उतरलात, म्हणजे आठशे सेकंद, तेरा-चौदा मिनिटं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये एवढाच फरक आहे. तुमचा चहाच त्याहून जास्त वेळ खातो.

आता चाळीस वेळा उतरावं का लागतं हा खरा प्रश्न आहे आणि तो तुमचा नाही, सुपरवायझरचा आहे. गेट उघडायला माणूस का नाही? स्क्रॅपमधली लाकडं आधी हातानं वेगळी का केलेली नाहीत? ग्रॅपल, म्हणजे पंजासारखी पकडणारी अटॅचमेंट लावली तर अडकणं कमी होईल का? शिफ्टच्या सुरुवातीला हेल्परला यार्ड फिरवून मोठे तुकडे बाजूला काढायला लावा, चाळीसचे पंधरा होतील. मी बघितलंय, जिथं ऑपरेटर एकटा आणि हेल्पर "दुसरीकडं लागतो" म्हणून काढून घेतलेला असतो तिथंच बायपास, म्हणजे लॉक डायरेक्ट केलेली मशीनं जास्त सापडतात. एका हेल्परची हजेरी वाचवायला ते लॉक बंद केलेलं असतं.

हेल्पर दिला की मात्र एक नियम पक्का ठेवा, तो समोर आला की तुम्ही हात लिव्हरवरून काढायचे, आर्म जमिनीवर, आणि त्यानं तुमच्या डोळ्यात बघून हात दाखवल्याशिवाय बकेटजवळ यायचं नाही. मागं तर त्यानं उभंच राहायचं नाही, या मशीनला मागचं दिसणं आधीच कमी आणि ते जागेवर गरकन फिरतं, शेपटाचा फटका बसतो.

उतरायचा क्रम डोक्यात बसवून टाका : बकेट जमिनीला सपाट टेकवा, लिव्हर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, मग बेल्ट, मग बार, मग उतरताना तीन ठिकाणी पकड, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात. उडी नाही. पेडलवर पाय नाही. सगळ्यात महत्त्वाचं, बार हा हँडल नाही, त्याला धरून उठू नका, त्यानं बारचा सेन्सर ढिला होतो आणि मग परत पहिल्या प्रश्नातली रडगाथा सुरू.

बरं, काही मॉडेलांत कंपनीनं स्वतःच एक बटण दिलेलं असतं ज्यानं बार वर असतानाही चाकांचा ब्रेक सोडता येतो, ते बॅकहो, म्हणजे खणायच्या अटॅचमेंटसाठी किंवा सर्व्हिससाठी असतं. ते रोजच्या कामाला नाही. तुमचा मित्र बहुतेक त्याचाच दाखला देईल म्हणून आधीच सांगून ठेवलं.

प्रश्न : फिटर आहे. आर्मच्या सिलिंडरची गळती बघायला आर्म वर ठेवून खाली जावं लागतं. जॅक लावला तर चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही, जॅक नाही, लाकडी ओंडका नाही, क्रेनचा पट्टा पण नाही. मशीनबरोबर लिफ्ट आर्म सपोर्ट येतो, बहुतेक लाल किंवा पिवळा रंगवलेला लोखंडी अडसर, तो सिलिंडरच्या रॉडवर बसतो. काही मशीनला त्याऐवजी लॉक पिन असतात. जुन्या मशीनचा तो अडसर बहुधा गोडाऊनच्या कोपऱ्यात गंजत पडलेला असतो, शोधा. लावायला दोन माणसं लागतात, एक सीटवर बसून आर्म वर धरणारा आणि दुसरा बाजूनं अडसर बसवणारा, आर्मच्या खाली न जाता. मग आर्म हळू खाली सोडून अडसरावर टेकवायचे आणि इंजिन बंद. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत शिरतं, वरून नुसता मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात काढावा लागतो. असं झालं तर डॉक्टरला "तेल प्रेशरनं आत गेलंय" हे स्पष्ट सांगा, नुसतं "लागलंय" म्हणू नका.

प्रश्न : आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं. ऑपरेटरनं केबिनच्या बाजूच्या जाळ्या काढून टाकल्यात, म्हणतो वारा लागतो. त्याला नाही कसं म्हणू? (चंद्रपूर)

उत्तर : उन्हाबद्दल त्याच्याशी वाद घालू नका, चंद्रपूरच्या मे महिन्यात लोखंडी केबिनमध्ये बसायचं म्हणजे काय ते त्यालाच माहीत. पण ती जाळी वाऱ्यासाठी नाही आणि धुळीसाठी पण नाही. केबिनच्या बाजूनं, चार बोटांच्या अंतरावरून, आर्म वर-खाली होत असतो. जाळी काढली की ऑपरेटर कोपर बाहेर काढून बसतो, रिक्षात बसतात तसा, किंवा मागचं चाक बघायला डोकं बाहेर काढतो, आणि त्याच वेळी दुसरा हात लिव्हरवर असतो. आर्म आणि केबिनचा कठडा यांची कात्री होते. सीट स्विचला यातलं काही कळत नाही, माणूस सीटवरच आहे, बार खालीच आहे, सगळं लॉक म्हणतंय ओके. म्हणून ती जाळी हेच तिथलं लॉक आहे.

वाऱ्यासाठी केबिनमध्ये बारा व्होल्टचा पंखा लावा, छतावर पांढरा रंग मारा, जाळीवर चिखल बसलेला असतो तो रोज धुवा, नुसत्या धुण्यानं फरक पडतो. आणि कामाची वेळ बदला, पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी. दुपारी बारा ते चार मशीन उभं राहिलं तर कुणाचं आभाळ कोसळत नाही. एसी केबिन घ्यायची ऐपत असेल तर उत्तमच.

प्रश्न : माझा भाड्यानं मशीन देण्याचा धंदा आहे. ऑपरेटर साईटवर गेला की स्वतःच वायर मारतो, म्हणजे लॉक डायरेक्ट करतो, मला माहीत पण नसतं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? (पिंपरी)

उत्तर : वकिलाला विचारा हे तर आहेच, पण ढोबळ सांगतो.

कामगारानं सेफ्टीच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम १११ मध्ये होतं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दंड किती तर शंभर रुपयांपर्यंत. शंभर रुपये! कितीतरी वर्षं ते तसंच राहिलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत गेलाय, त्यामुळे जुनी कलमं पाठ करून बसू नका.

तुमच्या कामाचा भाग नुकसानभरपाईचा आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यात मालकाला एक पळवाट होती की कामगारानं जाणूनबुजून सेफ्टी गार्ड काढला आणि त्यामुळे थेट अपघात झाला तर मालक भरपाई देणं लागत नाही. बरेच मालक इथपर्यंतच वाचतात. पुढं लिहिलंय की मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही पळवाट नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आशय तोच आहे. आणि या मशीनमध्ये बायपासचा अपघात झाला तर तो बोट चेमटण्यावर थांबेल याची काय खात्री? म्हणजे जिथं गरज पडेल नेमकी तिथंच ती पळवाट बंद आहे. वर पोलीस केस वेगळी आणि "मला माहीत नव्हतं" हे फक्त तेव्हाच चालतं जेव्हा तुम्ही बघत होतात याचा कागद असतो.

तर कागद तयार करा. मशीन बाहेर जाताना आणि परत येताना दोन मिनिटांची टेस्ट : मोकळ्या जागेत, आर्म खाली, इंजिन चालू, ऑपरेटर सीटवर, बार वर करायचा आणि आर्मचा लिव्हर हळूच ओढायचा. हलायला नको. मग चाकांचा लिव्हर. हलायला नको. मग बार खाली ठेवून सीटवरून किंचित उठून परत तेच, मॉडेलनुसार एखादा सेकंद उशीर चालतो. मोबाईलवर व्हिडिओ काढा, तारीख आपोआप येते. सीटखालच्या कनेक्टरवर रंगाचा एक ठिपका मारून ठेवा, कुणी खोललं की ठिपका तुटतो, हे एका जुन्या सर्व्हिस इंजिनिअरचं तंत्र आहे आणि छान चालतं.

ऑपरेटरला ओरडून मात्र काही होणार नाही. तो वायर मारतो कारण साईटवर लॉक अडकलं तर ग्राहक त्याचे तास कापतो आणि तुम्ही फोनवर त्यालाच बोलता. लॉकमुळे मशीन थांबलं तर त्या वेळेचे पैसे ऑपरेटरचे कापले जाणार नाहीत एवढं एकदा जाहीर करा, आणि फोन केला की तासाभरात मेकॅनिक पाठवा. वायर मारणं बंद होतं की नाही बघा. दुसऱ्या ऑपरेटरचाही विचार करा, ज्यानं वायर मारली त्याला निदान माहीत असतं, पण उद्या त्याच मशीनवर बसणाऱ्या पोराला वाटतं बार वर केला म्हणजे सगळं लॉक झालं. तो त्या भरवशावर आर्मखाली जातो.

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. बॅकयार्डच्या कामाला वीकेंडला स्किड स्टीअर भाड्यानं आणतोय. मुलगा सहा वर्षांचा आहे, मांडीवर बसवून एक चक्कर मारू का, फोटोपुरतं? (मिनियापोलिस)

उत्तर : नाही. बार खाली आला की तुमच्या दोघांच्या मधे येतो, बेल्ट एकाचाच, मूल समोरच्या उघड्या बाजूनं थेट बकेटवर किंवा चाकापुढं पडतं. इंजिन बंद, चावी खिशात, बकेट जमिनीवर, तेव्हा त्याला सीटवर बसवा आणि फोटो काढा, आजी-आजोबांना पाठवायला तेवढा पुरतो. रॉथसे तुमच्याच राज्यात आहे, कधी उत्तरेकडं गेलात तर त्याला सांगता येईल की हे मशीन याच भागात तयार झालं.

आणि तुम्ही स्वतः पहिल्यांदा चालवत असाल तर भाड्याच्या दुकानातून निघायच्या आधीच वर लिहिलेली बारची टेस्ट करून बघा. लॉक काम करत नसेल तर मशीन तिथंच सोडा, "चालतंय ना, घेऊन जा" असं म्हणाले तरी.

प्रश्न : नवीन घ्यायचंय. दोन आर्मचं घेऊ की एका आर्मचं, बाजूला दरवाजा असलेलं? सेल्समन म्हणतो सेफ्टीला तेच भारी. (नाशिक)

उत्तर : सेल्समनचं अर्धं बरोबर आहे. जेसीबीच्या एका आर्मच्या मशीनला डाव्या बाजूला दरवाजा असतो, म्हणजे बकेटवरून चढायचं नाही, आर्म वर असताना खालून वाकून बाहेर यायचं नाही. हा फायदा खरा आहे, ज्या कामात वारंवार उतरावं लागतं तिथं तर खूपच. चाकणच्या दादांना मी तेच मशीन दिलं असतं. वर उलट्या बाजूला आर्म एकच असल्यामुळे डावीकडचं चांगलं दिसतं, उजवीकडचं मात्र त्या जाड आर्ममुळे झाकलं जातं, त्याची सवय करावी लागते. पण लॉक त्यालाही आहे आणि आर्मखाली जाणं तिथंही तितकंच वाईट.

कपॅसिटी बघताना एक लक्षात ठेवा, चाकाच्या स्किड स्टीअरला रेटेड कपॅसिटी म्हणजे मशीन उलटेल त्या वजनाच्या निम्मी, चाकांऐवजी ट्रॅकच्या पट्ट्यावर चालणाऱ्याला पस्तीस टक्के. म्हणून "जरा जास्त उचलतं" म्हणून ओव्हरलोड करणारे त्या निम्म्या मार्जिनवरच जगत असतात. रिकामं असताना वजन मागच्या चाकांवर, भरलं की पुढच्या, त्यामुळे चढावर भरलेलं सरळ चढवायचं आणि रिकामं मागं मागं. बकेट कायम खाली. आणि बेल्ट लावायचा, कारण मशीन उलटलं तर केबिनची चौकट माणसाला वाचवते पण माणूस चौकटीच्या आत राहिला तरच.

सेकंडहँड घेत असाल तर रंग बघू नका, रंग दोन दिवसांत मारता येतो. सीट उचला, खाली काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली की थांबा. बारच्या बिजागरीपाशी वायर बघा. जाळ्या जागेवर आहेत का, मागची काच उघडते का, कारण पुढं अडकलात तर बाहेर पडायची दुसरी वाट तीच आहे. लिफ्ट आर्म सपोर्ट मालक काढून दाखवतो का ते विचारा, "तो कुठंतरी आहे" असं उत्तर आलं तर किंमत कमी करून घ्या आणि नवा मागवा. शेवटी मालकालाच सीटवर बसवून बार वर करायला सांगा आणि लिव्हर ओढायला सांगा. आर्म हलला तर सौदा तिथंच थांबवा, किंवा दुरुस्तीचा सगळा खर्च किमतीतून वजा करा.